छापण्याआधी टीचर वाचायच्या

टीचर पान वाचून झालं की ते मांडीवर पालथं ठेवायच्या आणि थोडा वेळ दाराकडे बघत बसायच्या. मग म्हणायच्या, "वाचणारा घाबरला तर बरंच आहे रे. पण हे छापल्यावर भिऊन कोणाला राहावं लागेल, ते सांग."

मी गोव्यात, डिचोलीतल्या एका लहान प्रकाशनात मुद्रितं तपासतो. टीचरांनी पेडण्याकडच्या शाळेत मराठी शिकवलं आणि निवृत्तीनंतर आमोण्याला माहेरच्या घरी एकट्या राहिल्या. त्यांना लहानपणापासून मिरगी. म्हणून आमच्या मालकांनी मिरगी असलेल्या नायिकेची एक कादंबरी त्यांना वाचायला दिली. कोणाला लागेल असं काही आहे का, एवढंच बघायचं होतं. परत आली तेव्हा समासात पेन्सिलीने लिहिलं होतं, "नायिका चप्पल हुंगून बरी झाली. मी जन्मभर गोळ्या खाते आहे. लेखकाने चपलेचं दुकान कळवावं."

मालक पोट धरून हसले. तेव्हापासून गोष्टीत असा आजार आला की हस्तलिखित आमोण्याला जायचं. नेणारा मी. चहाबरोबर उंडा पाव पुढे यायचा. एका आंधळ्या गायकाची गोष्ट मात्र त्यांनी न वाचताच परत दिली. "ते मला कसं कळणार? ज्याचं त्याला वाचून दाखव."

मग ती भयकादंबरी आली. लेखक नावाजलेले, बोलायला गोड. खाणीमागच्या गावात एका मुलीला झटके येतात, ती पडली की विहिरी आटतात. शेवटी गाव तिला हाकलतं आणि पाणी परत येतं. वाचताना माझ्या अंगावर काटा आला होता.

टीचरांनी लेखकांना घरी बोलावलं. "ही सुलक्षा ना?" त्यांनी विचारलं. "खाणीच्या खंदकाशेजारी घर, आई भाजी विकते. माझ्याच डॉक्टरांकडे येते ती."

"टीचर, गोष्ट कानावर आली होती. पण ही कादंबरी आहे. नाव बदलतो."

"नाव बदलून काय होणार? त्या गावात आताच पाण्याची ओरड आहे. तिला आजार असू दे, रागीटही असू दे. ती गेल्यावर पाणी येतं, तेवढं काढा."

"शेवट काढला तर कादंबरीत राहिलं काय?"

"मुलगी राहिली," टीचर म्हणाल्या.

लेखक हसले. मालकांनी नाव बदललं, घराचा रंग बदलला आणि पुस्तक छापलं.

पुस्तक खपलं. कोणीतरी ते मोठ्याने वाचून फोनवर पसरवलं. उन्हाळ्यात सुलक्षाच्या उंबऱ्यावर चिरलेलं लिंबू आलं. टँकरपाशी तिच्या आईची घागर आपोआप शेवटी सरकू लागली. लोक नुसती जागा करून द्यायचे, मागची.

हे कळल्यावर टीचर म्हणाल्या, "मला तिथे ने." मी स्कूटरवरून नेलं. देवळाच्या पायरीवर माणसं बसली होती. एक जण उठून अगदी आदबीने म्हणाला, "टीचर, जास्त वेळ थांबू नका. ऊन बाधेल."

त्या थांबल्या. सुलक्षाचा हात धरून टँकरच्या रांगेत उभ्या राहिल्या आणि शिकवावं तशा सांगू लागल्या, "हा मेंदूचा आजार. मलाही आहे. बघा, म्हातारी झाले तरी..."

वाक्य पुरं झालं नाही. त्यांची मान वळली आणि त्या कोसळल्या. सगळी रांग एक पाऊल मागे गेली. सुलक्षा तेवढी खाली बसली, त्यांना कुशीवर वळवून डोक्याखाली स्वतःची ओढणी घातली. मी पुढे धावलो तेव्हा मागून कोणीतरी हळूच म्हणालं, "हिलाही धरलं."

टीचर सावध झाल्या. साडीवरची माती झटकत त्यांनी भोवतालचे चेहरे एकेक करून पाहिले. वर्गात कोणी चुकलं तर रागवावं, तशा त्या रागावल्या नाहीत. त्यांना भीती वाटली होती. इतक्या वर्षांत ती मी पहिल्यांदा पाहिली. "बाय, कपडे भर," त्या सुलक्षाला म्हणाल्या. "आईलाही सांग."

मायलेकी आमोण्याला त्यांच्याकडे राहिल्या. पण ते वाचन तिथल्या फोनवरही पोचलेलं होतं. पावसाच्या तोंडावर मी गेलो तर घराला कुलूप. शेजारी म्हणाले, तिघी सावंतवाडीच्या बाजूला गेल्या. कोणाकडे, ते सांगून गेल्या नाहीत. टीचरांचा फोन आजही लागत नाही.

काही कळेल म्हणून मी पुन्हा त्या खाणीकडच्या गावात गेलो. नळयोजनेची फुटलेली वाहिनी दुरुस्त झाली होती. नळावर एक बाई घागर भरत होती. हसून म्हणाली, "आता बरें आसा. ती गेली आणि पाणी आलं."

"वाहिनी दुरुस्त केली ना?"

"केली की. ती गेल्यावरच केली." मग तिने मला निरखून बघितलं. "तुमी टीचरीचे कोण?"

"ओळखीचा."

तिचं हसू गेलं. अर्धी भरलेली घागर तिने नळाखालून काढली आणि माझी सावली पडणार नाही अशी लांब नेऊन ठेवली.