तारेचं तोंड मिरजेकडे

मी दिल्लीला निघालो तेव्हा पप्पा स्टेशनवर आले नाहीत. आई आली. डबा हातात देऊन म्हणाली, "वळकटीत त्यांनी काहीतरी कोंबलंय. मला विचारू नकोस." पुणं मागे पडल्यावर मी उघडून बघितलं. तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि चिनीमातीचे तीन इन्सुलेटर निघाले. चिठ्ठी नव्हती.

पप्पा मिरजेच्या एका दवाखान्यात एक्स-रे यंत्रं दुरुस्त करायचे आणि उरलेला जीव हॅम रेडिओत, म्हणजे घरच्या यंत्रावरून दूरच्या हौशी लोकांशी बोलण्यात घालायचे. परवाना त्यांच्याकडे होता, कॉलेजात असताना मीही काढला. मी त्यांच्याच हाताखाली लागावं असं त्यांनी ठरवून टाकलेलं, आणि मी परस्पर केंद्र सरकारची परीक्षा दिली. महिनाभर अबोला होता. निघताना एवढंच म्हणाले, "रविवारी सकाळी नऊला, वीस मीटरवर." वीस मीटर हा आमच्या रेडिओचा एक पट्टा.

तुमच्यापैकी जे गावातच राहिले त्यांना हे चमत्कारिक वाटेल, पण आमच्याकडे दुसरा मार्गच नव्हता. पप्पा पत्र लिहीत नसत आणि ट्रंक कॉल आला तर शेजाऱ्यांकडे आईला पिटाळत. त्यांचा आवाज ऐकायचा तर तो रेडिओवरच.

परवान्यावर दिल्लीचा पत्ता चढायला सहा महिने गेले, तोवर सुटे भाग जमवून मी रेडिओ जुळवला. तेव्हा मी सरोजिनी नगरात एका सहकाऱ्याच्या क्वार्टरमध्ये राहत होतो. अँटेना कुठली लावायची हा प्रश्न नव्हता, डायपोलच. तेहतीस फूट तार, मधोमध कापायची, तिथून केबल खाली रेडिओपर्यंत आणायची. गच्चीवर एका टोकाला पाण्याची टाकी, दुसऱ्या टोकाला ममटी, म्हणजे जिन्यावरची खोली. तार दोन्हींच्या मध्ये अशी चपखल बसली की मी स्वतःवर खूश झालो. "या रविवारपासून येतो," असं घरी लिहून टाकलं.

पहिल्या रविवारी तासभर हाका मारल्या. रशियाच्या पार पूर्व टोकाचा एक गृहस्थ उत्तरला, पप्पा नाही. दुसऱ्या रविवारी तेच झालं. तिसऱ्या रविवारी मी रेडिओ रागाने बंद केला. म्हातारा अजून रुसलाय, मग मीही का वाकू? मग आईचं पत्र आलं. "पप्पा तीन रविवार चर्चमध्ये उपासनेला आले नाहीत. आठपासून रेडिओपुढे बसतात. तू मुद्दाम येत नाहीस म्हणतात. तुला एवढा राग आहे का?" ते वाचून मला रडू आलं, आणि रडताना स्वतःचा भयंकर रागही आला.

करोल बागेत रेडिओचे सुटे भाग विकणारे खुरानाजी होते, जुने हॅम. त्यांना गच्चीवर घेऊन आलो. त्यांनी सूर्याकडे बघितलं, तारेकडे बघितलं आणि कपाळाला हात लावला. "बेटा, तार का सिरा घर की तरफ है. घरवाले सुनेंगे कैसे?"

डायपोल आपल्या दोन्ही बाजूंना मोकळा बोलतो, टोकांकडे जवळजवळ मुका-बहिराच असतो. हे मला पप्पांनी शिकवलं होतं. दिल्लीपासून मिरज दक्षिणेला, आणि मी गच्चीच्या सोयीने तार उत्तर-दक्षिण ओढली होती. आता पूर्व-पश्चिम ओढायची तर एक टोक समोरच्या ब्लॉकच्या कठड्याला बांधावं लागणार होतं. तिथल्या आंटींनी "टीव्ही पे लाइन आई तो काट दूँगी" असं बजावून परवानगी दिली.

त्या रविवारी नऊ वाजून चार मिनिटांनी पप्पा आले. खरखरीतून पहिलं वाक्य, "सिग्नल क्षीण आहे. तार किती उंच आहे?" नियमाप्रमाणे रेडिओवर खाजगी बोलायचं नसतं, आणि पप्पा नियमाचे पक्के. पुढची कितीतरी वर्षं आम्ही फक्त तारेबद्दल बोललो. वारा आहे का, ताण बघितलास का, सांधे गंजलेत का. हळूहळू मला कळायला लागलं, की ते माझीच चौकशी करत होते.

आज मी नोएडात चौदाव्या मजल्यावर आहे. सोसायटी तार लावू देत नाही. माझ्या मुलीला वेटोळं म्हटलं तर कळत नाही, कॉइल म्हणावं लागतं. पप्पा गेले, मिरजेचं घर दुसऱ्यांचं झालं. तरी "घर कहाँ है?" असं लिफ्टमध्ये कोणी विचारलं की तोंडातून मिरजच निघतं. असं का, ते इतकी वर्षं मला नीट सांगता येत नव्हतं.

आई शेवटची दोन वर्षं माझ्याकडे होती. एकदा मटार सोलताना मी तिला त्या तीन रविवारांची गोष्ट सांगितली. ती म्हणाली, "त्यांची तार आधी विलायतेकडे होती ना. तू गेलास, त्याच्या दुसऱ्याच दिवशी अंगणातले बांबू उपटले आणि दिल्लीकडे फिरवली. मी म्हटलं, अहो, पोराकडे अजून रेडिओसुद्धा नाही. तर म्हणाले, असू दे."