सोमीताईचा प्रश्न आणि तीन साहेब

लोकांच्या घरी जुने कपडे साठतात, माझ्याकडे किस्से साठलेत. मी एक टर्म पंचायत समितीचा सदस्य होतो, एवढंच त्याचं कारण. दर महिन्याला मासिक सभा, दर सभेला तेच विषय आणि तीच उत्तरं, तरी घरी जाताना मला एकट्याला हसू फुटायचं. माझं सिमेंट-पत्र्याचं दुकान आहे. दुकानात वर्षभर जेवढं हसत नाही तेवढं मी त्या एका हॉलमध्ये दोन तासांत हसायचो.

पंचायत समिती कुठली ते मात्र विचारू नका. शहापूरची की मुरबाडची, हे मी कधीच सांगत नाही. वाशिंदच्या टपरीवर किस्सा सांगितला की लोक म्हणतात, "हे मुरबाडचंच असणार." मुरबाडच्या बाजारात सांगितला की म्हणतात, "शहापूरवाले असेच." दोन्हीकडे मला चहा मिळतो.

आमचे सभापती म्हणजे आप्पा. मनाने मऊ, कुणालाही नाही म्हणता न येणारा माणूस. त्यांच्या उजव्या हाताला तीन साहेब बसायचे: तालुक्याच्या आरोग्याचे डॉक्टरसाहेब, विजेचे साहेब आणि बसडेपोचे साहेब. डॉक्टरसाहेब निदान आमच्या कक्षेत तरी येत. बाकीचे दोघे पाहुणे. त्यांच्यावर आमचा अधिकार एवढाच, की प्रश्न विचारायचे आणि बिस्किटं पुढे करायची. सत्तेचं विकेंद्रीकरण म्हणतात ते हेच असावं. प्रश्न खाली आमच्याकडे आले आणि उत्तरं वरच राहिली.

*

माझा पहिलाच प्रश्न रस्त्यावरच्या दिव्यांचा होता. घरी आरशासमोर उभा राहून पाठ केला होता. उभा राहिलो आणि म्हणालो, "सभापती महोदय, आमच्या गावात रस्त्यावरचे दिवे दिवसभर जळतात आणि रात्री बंद असतात. याबाबत संबंधित अधिकाऱ्यांनी खुलासा करावा."

विजेचे साहेब शांतपणे उठले. चष्मा पुसला.

"म्हणजे दिवे चालू आहेत, हे सन्माननीय सदस्यांना मान्य आहे."

मी गडबडीत "हो" म्हणालो. आप्पा म्हणाले, "छान. पुढचा विषय." मी खाली बसल्यावर शेजारच्या सदस्याने माझ्या मांडीवर थोपटलं. पहिल्या सभेत सगळ्यांचं असंच होतं म्हणे.

*

डेपोचे साहेब त्याहून वस्ताद. एका सदस्याने विचारलं, "सातची गाडी रोज नवाला येते. असं का?"

"सातची गाडी नवाला येते, हे खरं आहे," साहेब म्हणाले. खोटं बोलायची त्यांना कधी गरजच पडत नसे.

"मग नवाची गाडी कधी येते?"

"नवाची रद्द केलीय."

"का?"

"नवाला सातची असते ना. एका टायमाला दोन गाड्या कशाला?"

तो सदस्य उभ्या उभ्या बोटांवर गाड्या मोजायला लागला. शेवटी आप्पांनीच त्याला पाणी दिलं.

*

आता सोमीताई. डोंगराच्या कुशीतल्या करवंदमाळ नावाच्या पाड्यातून ती निवडून आली होती. शाळा चौथीपर्यंत, आवाज मात्र लाउडस्पीकरचा. माईक समोर आला की ती तो बाजूला सारायची, म्हणायची, "यो कशाला? मी हितंच हाय."

तिचा प्रश्न एकच. पाड्यापर्यंत बस आली पाहिजे. पूर्वी यायची, मग बंद झाली. फाट्यापर्यंत तासाभराची चाल, आणि ज्युनियर कॉलेज तालुक्याच्या गावी. त्यामुळे पाड्यातल्या पोरी दहावी झाल्या की घरी बसायच्या. सोमीताईची सुनंदा त्या वर्षी दहावीला होती. नवऱ्याने सांगून ठेवलं होतं, "जूनपर्यंत गाडी आली तर पोरगी कॉलेजला, नाय तर पोरगी घरात. एकटी रानातून नाय धाडायची." पोरगी हुशार होती. सोमीताई सभेत कितीही गमती करो, या विषयावर आली की तिचा आवाज बारीक व्हायचा, ते मला बघवायचं नाही.

पहिल्यांदा तिने विचारलं तेव्हा डेपोचे साहेब म्हणाले, "प्रस्ताव वर पाठवलाय."

पुढच्या महिन्यात विचारलं. "प्रस्ताव वर गेलाय."

तिसऱ्या महिन्यात सोमीताई कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "वर म्हंजी कुठं ओ सायेब? आमच्या पाड्याच्या वर कोनी ऱ्हात नाय. वर आमीच. आमच्याकडं तर नाय आला."

आप्पांनी तोंडावर रुमाल धरला. डेपोचे साहेब तेवढ्यात म्हणाले, "म्हणजे पोस्टात अडकला असेल. चौकशी करतो."

*

विजेच्या साहेबांचाही एक दिवस आला. सोमीताईने विचारलं, "आमच्या पाड्यात संध्याकाळचं लोडशेडिंग का?"

साहेब ठामपणे उभे राहिले. "संपूर्ण तालुक्यात लोडशेडिंग नाही. मी जबाबदारीने सांगतो, एक मिनिटसुद्धा..."

आणि हॉलमधली लाईट गेली. पावसाळ्याचे दिवस, बाहेर भरून आलेलं, खिडक्या बंद. कुणाला कुणाचं तोंड दिसेना.

अंधारातून साहेबांचा आवाज आला. "हे लोडशेडिंग नव्हे. हा बिघाड आहे."

"मंग आमच्याकडं पन बिघाडच असंल," सोमीताई म्हणाली. "संध्याकाळी सा वाजता येतो, दहाला जातो. लई टायमाचा पक्का हाय."

आप्पा म्हणाले, "साहेब, तुमच्या ऑफिसला फोन लावा. स्पीकरवर." साहेबांनी लावला. पलीकडच्या पोराने आवाज ओळखला नाही. साहेबांनी तक्रार सांगितली, हॉलचा पत्ता सांगितला, लवकर माणूस पाठवा म्हणाले. पोरगा म्हणाला, "आता कोण नाय इकडं. साहेब मिटिंगला गेलेत. उद्या फोन करा."

आणि फोन ठेवून दिला. अंधारात बिस्किटाचा पुडा उघडल्याचा आवाज तेवढा आला.

*

बस नेमकी का येत नाही, हे शेवटी उन्हाळ्याच्या तोंडावर कळलं. ते कळल्यावर आम्हाला जास्तच चक्कर आली.

डेपोचे साहेब म्हणाले, "करवंदमाळच्या रस्त्यावर विजेची तार खाली आलीय. बसच्या टपाला लागेल. तार वर घ्या, गाडी उद्या सोडतो."

आप्पा विजेच्या साहेबांकडे वळले. ते म्हणाले, "तार वर घ्यायला आमचा काशा वायरमन लागतो. त्याला कावीळ झाली होती. बरा झालाय, पण आरोग्य केंद्रातून फिटनेसचा दाखला आणल्याशिवाय खांबावर चढवता येत नाही. नियम आहे."

आप्पा डॉक्टरसाहेबांकडे वळले. ते म्हणाले, "ते केंद्र करवंदमाळच्याच रस्त्यावर. तिथं नवीन डॉक्टर दिलाय. तो हजर व्हायला गेला होता. पण तिकडे बस जात नाही म्हणून परत आला."

आप्पांची मान तिघांकडे फिरून दुखायला लागली. बस नाही म्हणून डॉक्टर नाही. डॉक्टर नाही म्हणून वायरमन नाही. वायरमन नाही म्हणून बस नाही. आप्पांना मी पहिल्यांदाच चिडलेलं पाहिलं. "मग यात चूक कुणाची?" त्यांनी टेबलावर हात आपटला. "तार खाली आली कशाने?"

तिन्ही साहेब इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच एका सुरात बोलले. "पावसाने."

"मग पावसाला नोटीस काढा," आप्पा ओरडले.

कोपऱ्यात इतिवृत्त लिहिणारे आमचे क्लार्कभाऊ मान वर न करता म्हणाले, "पत्ता काय टाकू?"

*

पुढच्या सभेला सोमीताई एकटी आली नाही. मागे काशा वायरमन होता, इस्त्रीचा शर्ट घालून, नवरदेवासारखा लाजत. सोमीताईने त्याला डॉक्टरसाहेबांच्या पुढ्यात उभं केलं.

"सायेब, तुमी डॉक्टर ना? मंग बगा याला."

डॉक्टरसाहेब दचकले. "ताई, मी आता पेशंट बघत नाही. मी प्रशासनात आहे."

"म्हंजी डॉक्टरकी इसरलाव?"

हे साहेबांना लागलं. कोट काढून खुर्चीवर ठेवला, बाह्या वर केल्या. काशाचे डोळे बघितले, जीभ बघितली, पोट दाबलं. काशाला गुदगुल्या झाल्या, तो वाकडा-तिकडा व्हायला लागला. साहेबांनी सरळ त्याच्या पाठीला कान लावला आणि म्हणाले, "दीर्घ श्वास घ्या."

काशाने घेतला. आप्पांनी घेतला. मीही घेतला. अख्खं सभागृह छाती फुगवून बसलं, आणि साहेब 'सोडा' म्हणायचं विसरले. क्लार्कभाऊंचा चेहरा लाल व्हायला लागला तेव्हा कुठे त्यांच्या लक्षात आलं.

"फिट आहे," ते म्हणाले.

विजेचे साहेब काही लगेच मानणारे नव्हते. "श्वास घेणं वेगळं आणि चढणं वेगळं." त्यावर काशा सरळ टेबलावर चढला, टेबलावर खुर्ची ठेवली, खुर्चीवर उभा राहिला आणि सभागृहाचा बंद पडलेला पंखा खोलून बसला. पाच-दहा मिनिटांत पंखा गरगरायला लागला. पात्यांवरची सगळ्या टर्मची धूळ आप्पांच्या डोक्यावर आली. आप्पा त्या धुळीतूनच म्हणाले, "ठराव मंजूर." कुठला ठराव ते कुणी विचारलं नाही. डॉक्टरसाहेबांनी दाखल्यावर सही केली, ती मात्र दोनदा, इतके ते खूश झाले होते.

*

त्याच आठवड्यात तार वर गेली. मग डेपोच्या साहेबांनी शेवटचा एक्का काढला. पूर्वी गाडी वळायची ती जागा पावसात वाहून गेली, आता पाड्यात बस वळवायला जागा नाही म्हणाले. सोमीताईने आपल्या भाताच्या शेताचा कोपरा मोकळा केला, बांध तोडला, नवऱ्याने आणि पाड्यातल्या पोरींनी मुरूम टाकला. मला तिथे बोलावून तिने जागा दाखवली. आधीच शेत ते केवढं. मी म्हणालो, "ताई, भात कमी होईल." ती म्हणाली, "भात काय, बाजारात भेटतो."

जून संपता संपता, कॉलेज सुरू व्हायच्या दिवशी गाडी सुरू करायची ठरली. डेपोच्या साहेबांनीच कल्पना काढली. "आपण सगळे पहिल्या बसनेच वर जाऊ. जीप नको. लोकांत चांगला संदेश जाईल." म्हणून आप्पा, तिन्ही साहेब आणि मी सकाळच्या बसने करवंदमाळला गेलो. वाटेत साहेबांनी ड्रायव्हरला आमच्यादेखत दम भरला. "आजपासून वेळ म्हणजे वेळ. मंत्री आला तरी थांबायचं नाही. एक मिनिट लेट झालास तर गाठ माझ्याशी."

पाड्यात आम्हाला ओवाळलं. बसला हार घातला, नारळ फोडला. फोटो झाले. मग आप्पांनी भाषण सुरू केलं आणि विकासाची गंगा असा शब्द काढला, म्हणजे वेळ लागणार हे नक्की झालं. मागे पोरी एकेक करून बसमध्ये चढत होत्या. बाजाराला निघालेल्या बायका चढल्या. सुनंदा नवा ड्रेस घालून खिडकीजवळ बसली होती. तिचा बाप खाली उभा राहून काच नीट बंद होते का ते उगाच बघत होता. घंटी वाजली आणि गाडी निघाली.

सोमीताईने पदर डोळ्यांना लावला. मलाही भरून आलं, आणि दुसऱ्याच क्षणी लक्षात आलं, की गाडीत आपण नाही.

डेपोचे साहेब हात हलवत, ओरडत उतारावरून धावले. ड्रायव्हरने आरशात त्यांना पाहिलं, खिडकीतून हात बाहेर काढून त्यानेही टाटा केला आणि वळणावर दिसेनासा झाला. पुढची गाडी संध्याकाळची. विजेच्या साहेबांनी मोबाइल काढून आभाळाकडे धरला. रेंज नव्हती. आप्पांचं भाषण आपोआप संपलं.

"आता खाली जायचं कसं हो, ताई?" डॉक्टरसाहेबांनी विचारलं.

"रस्त्यानं जाशाल तर लई लांब पडंल," सोमीताई म्हणाली. "पायवाटंनं जावा. पोरी तिकडूनच जायच्या."

ती आम्हाला पाड्याबाहेरच्या आंब्याच्या झाडापर्यंत सोडायला आली. तिथून खाली वाट दाखवली, मग तिन्ही साहेबांच्या पायांकडे एकदा बघितलं.

"बूट हातात घ्या सायेब. मधी वढा लागतो."