गच्चीवरचे हिरवे बटाटे

मंडीत हिरवट बटाटा हाताला लागला की माझं डोकं अजून तापतं. चंडीगढमधल्या पहिल्याच हिवाळ्यात मी गच्चीवर रंगाच्या रिकाम्या डब्यांत बटाटे लावले होते. नवऱ्याने एकदाही पाणी घातलं नाही, पण ऑफिसातलं कुणी घरी आलं की हा त्यांना वर न्यायचा, बोटांनी माती उकरायचा, "देखो जी, घर के आलू!" म्हणायचा आणि बटाटे तसेच उघडे टाकून चहाला खाली यायचा. मागून जाऊन मी माती सारखी करायचे. पंधरा दिवस माहेरी काय गेले, परतले तर ऊन लागून सगळे हिरवेगार, एकही खायच्या लायकीचा नाही. "तूच माती कमी घातली असशील," तो म्हणाला. मी अजूनही दरवर्षी बटाटे लावते. पाहुणे आले की तो गच्चीची किल्ली शोधत बसतो, आणि मी त्याला शोधू देते.