अबोलीला दहापैकी चार

ऐका, पण आधी तो कप खाली ठेवा. ठसका लागला तर मला बोल लावाल! असला गाढवपणा माझ्या हातून आजवर झाला नव्हता.

मी गंगापूर रोडवरच्या एका कॉलेजात मराठी शिकवतो. एकतीस वर्षं झाली. यंदा म्हटलं, पोरं वहीला हात लावत नाहीत, मोबाइल मात्र सोडत नाहीत. मग तिकडेच गाठू की! वर्गाचा ब्लॉग काढला. पहिला विषय दिला, 'दूर असलेल्या माणसाला पत्र'. खाली कमेंटमध्ये लिहायचं, तेही टोपणनावाने, म्हणजे लाजरीबुजरी पोरंही मोकळी होतील. स्वतःवर इतका खूश झालो, की लिंक नातेवाइकांच्या ग्रुपवरही टाकून दिली.

पत्रं धडाधड आली. मी प्रत्येकाखाली शेरा आणि गुण देत सुटलो. सवय हो! लग्नपत्रिका आली तरी मी मुहूर्ताआधी शुद्धलेखन बघतो.

त्यात एक पत्र 'अबोली'चं. 'बाबा, विमानतळावर तुम्ही माझ्या बॅगेचं कुलूप तीनदा ओढून पाहिलंत. माझ्याकडे एकदाही बघितलं नाहीत. फोनवर जेवलीस का विचारता आणि लगेच आईकडे देता. चार वर्षं झाली. मला तुमच्याशी बोलायचंय हो.'

मी खाली ठोकून दिलं, 'भाषा बरी. कुलपाचा प्रसंग ओढूनताणून आणलेला. इतका कोरडा बाप असूच शकत नाही. दहापैकी चार.'

दुसऱ्या दिवशी तासाला चांदवडची वैशाली उठली. "सर, अबोलीला चारच? आम्ही लय रडलो वाचून!"

"रडणं वेगळं, साहित्य वेगळं. कोण आहे ही अबोली? उभी राहा!"

कुणी उठेना.

"ती आपल्या वर्गातली नाय, सर," वैशाली म्हणाली.

आता तरी डोक्यात प्रकाश पडावा की नाही? छे! नाव काढू नका. मी हजेरी घेऊन मोकळा.

परवा सकाळी बायकोने चहाबरोबर मोबाइलही पुढ्यात आदळला. "अहो, हे तुम्ही लिहिलंत?"

"हो. का गं?"

"पोरीला चार मार्क दिलेत तुम्ही. कॅनडातल्या आपल्या मुक्ताला!"

काय सांगू, कुलूप मीच ओढलं होतं. आणि तीनदा कसलं, पाचदा! तिच्याकडे बघितलं असतं तर तिथेच हंबरडा फोडला असता, म्हणून कुलूप बघत होतो. ती गेल्यापासून मी रोज दुपारी तिच्या खोलीत पंखा लावून नुसता बसतो. फार आठवण येते हो तिची. पण हे बोलायचं कसं?

तसाच फोन लावला.

"हॅलो, बाबा? आईला देताय ना?"

"नाही. आज मीच बोलणार."

आणि एकतीस वर्षं पोरांना 'मनातलं मोकळेपणाने मांडा' म्हणून सांगणाऱ्या मी घसा खाकरला, सगळा जीव गोळा केला आणि विचारलं,

"काय गं, आज ऊन कसं आहे तिकडे?"

"बाबा," मुक्ता म्हणाली, "मी झोपायला निघालेय."