गोळीसाठी कौल

पत्नीला जाऊन सव्वा वर्ष होत आलं होतं, तेव्हाची ही गोष्ट आहे. लिहायला मी बराच वेळ घेतला, कारण हिच्यात भक्तीपेक्षा माझ्या फजितीचा भाग जास्त आहे. हायस्कुलात मी आयुष्यभर मराठी शिकवलं. निवृत्तीनंतर कृष्णाकाठच्या आमच्या गावी, देवळात दर एकादशीला पोथी वाचून तिचा अर्थ सांगत आलो. मन कसं आवरायचं, यावर मी तासभर बोलू शकत असे आणि समोरची मंडळी मान डोलवत. इंदू गेल्यावर माझंच मन आवरेना, आणि हे सांगायचं कुणाला तेही कळेना.

त्याला दुःख म्हणावं तर दुःखात माणूस रडतो. मला रडू येत नव्हतं. उजाडायच्या आधीच जाग यायची आणि उठून बसण्याचा विचारसुद्धा जड वाटायचा. भाकरीची चव गेली. पुस्तक उघडलं की अक्षरं दिसायची, पण वाक्य लागत नसे. जपाला बसलो तर माळ एकाच मण्यावर थांबायची आणि किती वेळ थांबली याचं भान नसायचं. एकादशीची पोथी मी घसा दुखतो म्हणून बंद केली. घशाला काहीही झालेलं नव्हतं.

मुलगा फौजेत, दूर उत्तरेकडे. घरात मी आणि सून वैशाली. तिनंच मला मिरजेला नेलं. डॉक्टरबाईंनी निवांत ऐकून घेतलं आणि रोज सकाळी एक अशी गोळी लिहून दिली. "गुरुजी, हा आजार आहे, तुमचा कमीपणा नाही," त्या म्हणाल्या. "गुण यायला तीन-चार आठवडे लागतील. मध्येच सोडू नका." मी मान हलवली. परतीच्या एसटीत ती पिशवी मांडीवर ठेवून मी खिडकीबाहेर बघत होतो, आणि मनात ठरून गेलं होतं की घ्यायची नाही.

यानंतर मी जे केलं ते लिहायला लाज वाटते. रोज सकाळी देवपूजेच्या वेळी मी पाकिटातली एक गोळी काढायचो आणि निर्माल्याच्या परडीत, कालच्या फुलांखाली ठेवून द्यायचो. परडी वैशाली परसातल्या नारळाच्या बुडाला रिकामी करायची. पाकीट रोज एका घरानं रिकामं होत होतं, मुलाला फोनवर "नाना गोळ्या घेतायत" असं कळत होतं, आणि देवासमोर बसून खोटं वागण्याचं मला काही वाटत नव्हतं. दोन महिने हे चाललं.

का घेतली नाही, याची कारणं मी स्वतःला पुष्कळ दिली. या गोळ्यांची सवय लागते असं ऐकलं होतं. माणूस सुस्त होतो, असंही. गावात कळलं तर मास्तर वेड्याच्या डॉक्टरकडे जातात असं झालं असतं. माझा पारावरचा जुना मित्र एकदा म्हणालाच, "मास्तर, तुला काय कमी हाय रं? पेन्शन हाय, पोरगा फौजेत हाय, सून लेकीवानी बघती. गोळ्या खाऊन वहिनी माघारी येणार हायती व्हय?" तो वाईट नव्हता. त्याला माझी काळजी होती आणि ती त्याला अशीच बोलता येत होती. शिवाय ज्यानं नामस्मरणानं मन शांत होतं असं इतकी वर्षं सांगितलं, त्यानं गोळी घ्यायची म्हणजे आपलंच सांगणं खोटं ठरवायचं.

पण या सगळ्यांच्या तळाशी एक कारण होतं, जे मी डॉक्टरबाईंनाही बोललो नव्हतो. इंदूचं माझ्याकडे आता एवढं जडपणच उरलं होतं. गोळीनं ते उतरलं, तर ती उरलीच कुठे? मला बरं वाटणं म्हणजे तिला दुसऱ्यांदा पोचवून येणं, असं मला वाटत होतं.

मग एका दुपारी मी कालव्याच्या कडेला जाऊन बसलो. काही करावं असं मनात नव्हतं. पण तिथून उठावं असं एकही कारण सापडेना. किती वेळ गेला ठाऊक नाही. म्हशी हाकत चाललेली एक बाई म्हणाली, "आवं मास्तर, ऊन लागंल की," म्हणून उठलो. अर्ध्या वाटेत थांबून मी मागे वळून बघितलं. आपण कुठे जाऊन बसलो होतो, हे तेव्हा समजलं.

दुसऱ्या दिवशी मी देवाला कौल लावायला निघालो. आमच्या कुलदैवताचं ठाणं म्हसवडच्या पुढे, माणदेशातल्या एका लहान गावात आहे. तिथे नाथाच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर फुलाच्या ओल्या कळ्या चिकटवतात आणि प्रश्न विचारतात. उजवी कळी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. लग्न, विहीर, जमिनीचा वाद, आमच्या घरात सगळं असंच ठरत आलं. गोळी घ्यावी की नाही, हेही नाथानंच सांगावं. वैशालीला नुसतं दर्शनाला जातो म्हणून सांगितलं, देवाच्या पायावर ठेवायला गोळ्यांचं पाकीट पिशवीत घेतलं, आणि विट्याला गाडी बदलून, पुढे वडापच्या जीपनं दुपारच्या सुमाराला पोचलो.

नेहमीचे गुरव नव्हते. ते भाचीच्या लग्नाला गेले होते आणि पूजेला त्यांची भावजय होती, साठीच्या घरातली, कपाळ मोकळं, नऊवारीचा पदर खोचलेला. समया पुसत होती. दर्शनाला कुणी नव्हतं. तिनं वर न बघताच विचारलं, "कुठलं पावणं? काय इचारायचं हाय?"

मी सांगायला लागलो आणि का कोण जाणे, सगळंच सांगितलं. निर्माल्याचंही. कालव्याचंही. ऐकताना तिनं एकच समई पुन्हापुन्हा पुसली. माझं झाल्यावर हातातलं फडकं बाजूला ठेवलं.

"उजवी पडली तर गोळी घेणार?"

मी पिशवीतलं पाकीट चाचपलं.

"आन डावी पडली तर सुटलो म्हणणार," ती म्हणाली. "मंग त्याला कशाला दमवताय? सकाळधरनं सात जणांनी दमवलाय त्येला."

मला राग यायला हवा होता. पण तिचं खरं होतं. उजवी पडली असती तरी मी कळी नीट चिकटली नव्हती असं म्हणून माघारी आलो असतो. मी देवाला विचारायला आलोच नव्हतो. माझ्या नकारावर त्याची सही घ्यायला आलो होतो.

तिनं कमरेची चंची काढली. पान, चुना, सुपारी, आणि त्यातच दुमडलेलं एक गोळ्यांचं पाकीट. "माझी चालू हाय की, लय वर्सं झाली," ती म्हणाली. "लोक म्हणायचं, गुरवीण असून गोळ्या खाती, देव रुसंल."

"मग?"

"देव कुठला रुसतोय. सासू रुसली. मरस्तवर बोलली न्हाई माज्याशी. तेवढीच शांतता."

कित्येक महिन्यांनी माझ्या तोंडून हसल्यासारखा आवाज निघाला. त्या धीरावर मी जे कुणाला विचारलं नव्हतं ते तिला विचारलं. गोळीनं गेलेलं माणूस पुसट होतं का?

ती गाभाऱ्याकडे बघत बसली. मग म्हणाली, "माजा थोरला इहिरीत पवाय गेलता, तो गेला. त्येला शेंगाचं कालवण लय आवडायचं. दोन वर्सं मी चुलीम्होरं बसलीच न्हाई. आता करती. करताना डोळं भरत्यात, न्हाई असं न्हाई. पर कालवण हुतंय." हेही तिनंच सांगितलं, "तोंड वाळतं. पयले पंधरा दिस गुंगीच हुती. देवाच्या दारात खोटं कशाला सांगू."

मग तिनं विचारलं, गोळी जवळ आहे का. मी पाकीट काढलं. हात तीर्थाकडे गेला, तशी ती म्हणाली, "पळीभर तीर्थानं गोळी घशात आडकंल. थांबा." तिनं माठातलं पाणी तांब्याभर आणून दिलं. नाथाच्या समोर उभा राहून मी पहिली गोळी घेतली. काहीही झालं नाही. कुठे घंटा वाजली नाही, मन हलकं झालं नाही. मी फक्त फार दमलो होतो, आणि दमलो आहे हे लपवायचं आता कारण उरलं नव्हतं. परतीच्या गाडीत विट्यापर्यंत मी गाढ झोपलो.

घरी येऊन वैशालीला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. खाली मान घालून म्हणाली, "मला ठाऊक होतं, नाना. नारळाच्या बुडाला गोळ्या दिसल्या मागच्या आठवड्यात. पण तुम्ही मास्तर, तुमचं खोटं मी कसं धरायचं? यांना कळवलंय. रजा टाकलीय त्यांनी." निवडलेली भाजी तिनं बाजूला सारली. मग ती म्हणाली, "उद्यापासून गोळी मी देणार," आणि मी बरं म्हटलं.

पुढचे आठवडे सोपे नव्हते. तोंड वाळलं, सकाळी डोकं जड राहिलं, दोनदा सोडून द्यावंसं वाटलं. मिरजेला जाऊन डॉक्टरबाईंना आधीच्या दोन महिन्यांचं खरं सांगितलं. त्या रागावल्या नाहीत. महिना उलटल्यावर एकदा मी दुसरी भाकरी मागितली, आणि ती मागितल्यावर माझ्या लक्षात आलं.

शरण जाणं या शब्दाचा अर्थ मी देवळात किती वेळा फोड करून सांगितला असेल. देवापुढे वाकणं मला जड नव्हतं, कारण तिथे वाकलं की लोकांत मान वाढते. आपण आजारी आहोत, आपलं आपल्याला निभावत नाही, असं म्हणून सुनेपुढे तळहात पसरणं मला जमत नव्हतं. ज्यांना हे जमत नाही त्यांना मी आता शहाणपण शिकवत नाही. त्यांच्या मनाच्या तळाशी काय असेल, ते वरून दिसत नाही एवढं मला समजलं आहे. त्या गुरवीणबाई देवानं पाठवल्या असंही मी म्हणत नाही. त्यांचे दीर लग्नाला गेले होते म्हणून त्या तिथे होत्या. पण नाथाला नमस्कार करताना मी त्यांनाही करतो.

आणि इंदूचं सांगायचं राहिलं. सव्वा वर्ष मला तिचे फक्त शेवटचे अकरा दिवस आठवत होते, नळ्या, सुजलेले हात, यंत्राचा आवाज. त्यालाच मी इंदू समजून धरून बसलो होतो. रजेवर आलेला मुलगा परत गेला, त्यानंतरच्या एका सकाळी आरती म्हणताना मी चौथ्या कडव्याशी अडखळलो. तिथे मी नेहमीच अडखळतो. लग्नापासून ती तेवढी एक ओळ मुद्दाम मोठ्यानं म्हणायची, कोपरानं मला ढोसायची आणि देवाकडे बघत हसू दाबायची. तबक हातात धरून मी उभा राहिलो आणि ती मला सबंध आठवली, कोपरासकट. मग रडू आलं, सव्वा वर्षाचं. वैशाली ओल्या हातांनी स्वयंपाकघराच्या दारात आली. अडलेली ओळ तिनं म्हटली, आणि पुढची मी.