साबणाने धुतलेला हत्ती

मी आयुष्यात एकच हत्ती संपवलाय, तोही भांड्यांच्या साबणाने.

गेल्या वर्षी माझे सासरे, अप्पा, पुण्याहून आमच्याकडे आखातात, अल् घुब्राला आले. कॉम्प्युटर येण्याआधी ते मुंबईत एका कार्टून फिल्मच्या स्टुडिओत होते. पारदर्शक प्लॅस्टिकच्या शीटवर एकेक चित्र हाताने रंगवायचं, आणि सेकंदभराच्या पळापळीला अशी चोवीस! त्यातल्या चालत्या हत्तीच्या बारा शीट्स त्यांनी धोतराच्या घडीत जपून आणल्या होत्या. दुसऱ्या दिवशी नातीच्या वर्गात दाखवायला.

"आजोबा, हे कुठल्या ॲपमध्ये केलं?" आमच्या ईराने विचारलं.

"मनगटाच्या!"

दुपारी अप्पा आडवे झाले. मला (जावयाला छाप पाडायची भारी हौस!) शीट्सवर धूळ दिसली. टबात साबणाचं पाणी केलं, बाराही बुडवल्या आणि चहा टाकायला गेलो. परत येतो तर पाणी करडं! म्हटलं, केवढा मळ निघाला!

एवढ्यात बायको आली. "हे काय?"

"धूळ."

"धूळ? अरे, तो हत्ती आहे!"

मी एक शीट उचलली. नुसत्या रेघा! दुसरी, तिसरी... बाराव्या शीटपर्यंत सगळ्या तशाच. हा रंग पाण्यात विरघळतो, हे मला कोण सांगणार?

मागे अप्पा उभे होते. ओरडले असते तर बरं झालं असतं!

"पंधरा दिवस लागले होते," एवढंच म्हणाले.

मी लांब माबेला भागात राहणाऱ्या मित्राकडे कायमचं राहायला जायच्या विचारात होतो. पण अप्पांनी एक शीट खिडकीच्या उजेडात धरली. "शाई पक्की आहे. रेघा वाचल्या. रंग आणा, सगळे बसा."

संध्याकाळभर जेवणाच्या टेबलावर आम्ही चौघं हत्ती रंगवत होतो.

"अप्पा, मी काय करू?"

"तुम्ही शेपटी रंगवा, जावईबापू. तिकडे कोणी बघत नाही."

दुसऱ्या दिवशी शीट्सचे फोटो वर्गातल्या पडद्यावर भराभर सरकवले आणि हत्ती खरंच चालला! अप्पांचे डोळे भरून आले. माझेही. आणि वर्ग खो-खो हसत सुटला! हत्ती करडा, पण शेपटी घडीत निळी, घडीत तपकिरी, घडीत रेघेच्या बाहेर! बिघडलेल्या ट्यूबलाइटसारखी फडफडत होती.

बाईंनी कौतुकाने विचारलं, "अंकल, पूंछ किसी बच्चे ने रंगी है?"

अप्पांनी शांतपणे माझ्याकडे बोट केलं. "जी. उसने."

बाई वाकून माझ्या मागे मूल शोधायला लागल्या.