ब्रदर बस्त्याव दहावीला बसतात

ब्रदर बस्त्याव तुस्कानो यांना डोंबिवलीत मानपाड्याच्या आमच्या शाळेत सगळे ‘सर’ म्हणत आणि ते प्रत्येकाला थांबवून सांगत, “सर नाय रे बाबा. मी शिकवत नाय. मी नळ दुरुस्त करतो.”

खोटं नव्हतं ते. नळ, बाकं, घंटेची मोटर, बाजूच्या चर्चमधला खरखरणारा माईक, नाताळचा गोठा, सगळं त्यांच्याकडे. वसईतल्या एका वाडीत सातवी झाली आणि बापानं पानवेलींना पाणी घालायला जुंपलं. सतराव्या वर्षी ते ब्रदरांच्या, म्हणजे ख्रिस्ती व्रतस्थांच्या, संस्थेत आले. बरोबरीचे शिकून वर्गावर गेले. बस्त्यावांचे हात बघून वरिष्ठ म्हणाले, ह्याला हत्यारांची पेटी द्या. ती पेटी घेऊन एकवीस वर्षं ठाण्यात, चौदा वर्षं शहाडला आणि मग डोंबिवलीत. लग्न नाही, घर नाही, नावावर साधी सायकल नाही.

शहाडला २००५च्या पुरात नदी वस्तीत शिरली तेव्हा त्यांच्या शाळेच्या वरच्या मजल्यावर दीडशे माणसं होती. त्यातला काळुराम रिक्षावाला अजून सांगतो, “काय विशेष नाय केलं हो त्यांनी. बाकं जोडून पलंग केले आणि एकेकाला खिचडी ढवळायला बसवलं. रडायला टाईमच नाय दिला ना माणसानं!”

डोंबिवलीत त्यांनी आणखी एक काम अंगावर घेतलं होतं, सायन्सच्या लॅबचं. लॅबला माणूस नव्हता, म्हणून सतरा-अठरा वर्षं हेच बाटल्या पुसत, परीक्षानळ्या धूत, कुठल्या वर्गाला काय लागणार ते आदल्या दिवशी मांडून ठेवत. हाताखाली सगुणा. सगुणा म्हणजे शाळेतली मावशी, इथल्याच गावची. सासरच्यांच्या जमिनी टॉवरखाली गेल्या, दिरांचे बंगले उठले. नवरा गेल्यावर हिच्या वाट्याला एक खोली आणि करिश्मा नावाची लेक आली. आठवीपर्यंत शिकलेली, पण आम्लाची बाटली नुसत्या बुचावरून ओळखायची.

गेल्या वर्षी ब्रदरना संस्थेचं पत्र आलं. वय त्र्याहत्तर झालं, येत्या जूनमध्ये वसईला म्हाताऱ्या ब्रदरांच्या घरी जायचं. ते मुकाट्यानं मान डोलावून आले. मग मुख्याध्यापिका रसिका मॅडमनी सांगितलं की आता लॅबला पगारी माणूस भरणार, पण दहावी पास हवा. तेव्हा मात्र त्यांची झोप उडाली. सगुणानं जूनपर्यंत दहावी केली तर जागा तिची. नाही तर बाहेरचा कुणी येणार आणि ती जन्मभर व्हरांडा पुसणार.

“सगुणा, सतरा नंबरचा फॉर्म भर,” ते म्हणाले. बाहेरून दहावीला बसणाऱ्यांचा तो फॉर्म.

“मना नाय जमाचा, ब्रदर. पन्नाशीला आले मी. नातवाच्या वयाची पोरा बाजूला बसतील. हसतील ना मना.”

“हसू देत.”

“तुमाना बोलाया काय जातंय! तुमी शिकलेले.”

“मी कुठला? सातवी मी.”

सगुणानं हातातला पोछा खाली ठेवला. “तुमी? आनि इंग्लिशमंदी बाटल्यांची नावा वाचताव ती?”

“बाटल्यांपुरतं येतं गो.”

“मंग तुमी बी भरा. तुमी बसाल तं मी बसन. नायतं ऱ्हाऊ दे.”

तिला वाटलं, सुटले. ब्रदर दुसऱ्याच दिवशी संस्थेच्या वरिष्ठांची, सुपिरियरची, परवानगी घेऊन वसईला गेले आणि जुन्या शाळेतून सातवीचा दाखला काढून आणला. दोघांचे फॉर्म एकत्र गेले.

मग रोज पाच वाजता, शाळा सुटली की लॅबमध्ये अभ्यास. इंग्रजीला करिश्मा, गणिताला शनिवारी रसिका मॅडम. विज्ञानात ब्रदर फर्डे. धडा वाचायच्या आधी प्रयोग करून मोकळे. मराठीचे निबंध सगुणा असे लिहायची की मॅडम पहिलं वाक्य वाचूनच पदर तोंडाला लावायच्या. ‘माझा आवडता पक्षी’ : ‘कोंबरी. कारन ती अंडा देते. मोर काय देतो?’ पण बीजगणित आलं की ब्रदरांचा चेहरा पडायचा.

“मॅडम, हा एक्स स्वतःहून लपलाय. आपण त्याच्या मागे का लागायचं?”

“मार्क मिळतात म्हणून, ब्रदर.”

“हां, मग बरोबर आहे.”

परीक्षा तोंडावर आली आणि सगुणाचं भ्या पुन्हा वर आलं. हॉल तिकिटावर स्वतःचा फोटो बघून ती म्हणाली, “यो फोटो बगूनच मना हाकलतील.” दोन दिवस जेवली नाही, असं करिश्मा सांगत आली. ब्रदरांनी ऐकून घेतलं.

एरवी ब्रदर अर्ध्या बाह्यांच्या शर्टात. पांढरा झगा फक्त चर्चमधल्या रविवारच्या प्रार्थनेला, मिस्सेला, आणि सणाला. पहिल्या पेपराला कल्याणच्या केंद्रावर ते झगा घालून उभे. कडक इस्त्रीचा, पायघोळ, कमरेला दोर.

वर्गात शिरले तर पर्यवेक्षक ताडकन उठले. त्यांना वाटलं, कॉपी पकडणारं पथक आलं. “या सर, या. इथं बसा.” स्वतःची खुर्ची पुढं केली.

“नको हो. माझा नंबर तिसऱ्या बाकावर आहे,” ब्रदर म्हणाले आणि झगा सावरत जाऊन बसले. बाक डुगडुगत होतं. उठले, खिशातून कागद काढला, घडी केली, पायाखाली सरकवली, हलवून बघितलं आणि पुन्हा बसले.

अख्खा वर्ग फुटला. एक पोरगा ओरडला, “अरे, सांताक्लॉज पेपर द्यायला आला!” पर्यवेक्षकही रुमालात हसले. मागच्या बाकावरची सगुणा तर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसली.

“तवाच माजा भ्या गेला,” ती आजही सांगते. “सगली त्यांना बगून हसली. माज्याकरं बगायला कोनाला टाईम?”

करिश्मानं नंतर विचारलं, “ब्रदर, उकाड्यात झगा कशाला घातला?”

“दुसरं इस्त्रीचं काही नव्हतं,” ते म्हणाले. पोरगी त्यांच्या खोलीतली कपड्यांची दोरी बघून आली होती. चार शर्ट, चारी इस्त्रीचे.

मे महिन्यात निकाल लागला. सगुणा पास, बावन्न टक्के. ब्रदर पाच विषयांत पास, गणितात एकोणीस. सगुणाला जूनपासूनची ऑर्डर मिळाली, पण ती पेढ्यांचा बॉक्स तसाच धरून बसली.

“तुमच्याबिगर कसा वाटू? माज्यापायी बसलाव तुमी, आनि मीच पास.”

“मग कोण पास व्हायला पायजे होतं?” ब्रदरांनी बॉक्स उघडून दोन पेढे एकदम तोंडात टाकले. “जुलैला पुन्हा आहे की परीक्षा.”

सुपिरियरनी हसून वसईचं जाणं जुलैपर्यंत लांबवलं.

त्या रविवारच्या मिस्सेत फादरांनी आभाराच्या चिठ्ठ्या वाचल्या. कुणाचं ऑपरेशन नीट झालं, कुणाला नात झाली. मग एक चिठ्ठी ब्रदर बस्त्यावांची : ‘सगुणाच्या दहावीबद्दल, तिला शिकवणाऱ्या सगळ्यांबद्दल आणि मला या शाळांतून पन्नासच्या वर वर्षं कामाला ठेवल्याबद्दल देवाचे आभार.’

मिस्सा संपल्यावर दारात सगुणा करिश्माला घेऊन उभी. मागच्या बाकावरून सगळं ऐकलं होतं तिनं. डोळे पुसून झाले आणि लगेच जोर आला.

“तुमच्या गणिताचा काय नाय मागितला?”

“आज नुसते आभार गो. मागायचं ते जुलैच्या आधी बघू.”

“त्याच्यासाटी देवाला कशाला तरास?” सगुणा म्हणाली. “मी हाय ना. उद्या पाचला वही घेऊन या. आनि उशीर करू नका, सांगून ठेवते.”